८४ हजारांची सुतारकामाची हत्यारं हप्त्यावर घ्यावीत का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ३७, पुण्यात सिंहगड रोडला स्वतःचा टू बीएचके, हातात येणारा पगार ७२ हजार आणि घरात कमावणारे तुम्ही एकटेच. त्यातून गृहकर्जाचा हप्ता साडेचोवीस हजार, घरखर्च २७ हजार, मुलीची शाळा आणि व्हॅन धरून साडेपाच हजार, एसआयपी ६ हजार. म्हणजे ६३ हजार जातात आणि महिन्याला ९ हजार उरतात. बँकेत दीड लाखाची एफडी आहे आणि दिवाळीला साधारण ३० हजार बोनस मिळतो.

आता तुम्हाला सुतारकामाचा नाद लागलाय, व्हिडिओ बघून बघून झालेत आणि ऑनलाइन कार्ट भरून ठेवलंय. १८ व्होल्टचा कॉर्डलेस सेट ३१ हजार, छोटा टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्यावर लाकूड कापायचं यंत्र) २७ हजार, इलेक्ट्रिक प्लेनर (विजेचा रंधा) साडेसहा, सँडर (पॉलिश पेपर मारायचं यंत्र) साडेपाच, ट्रिमर (कडांना आकार द्यायचं यंत्र) ५ आणि पेटी, बिट्स, ब्लेड वगैरे ९ हजार. टोटल ८४ हजार. बारा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय मिळतोय, महिना ७ हजार. मुळात हत्यारं स्वस्तात कशी जमवायची, हा ईएमआय घ्यावा, की एफडी मोडावी, की जुनी हत्यारं शोधावी असं विचारलंय, आणि नंतर वस्तू करून विकेन असंही म्हणताय. आणि मिसेसचं म्हणणं असं की मुलीचं स्टडी टेबल आणि पुस्तकांचं कपाट मिस्त्री मटेरियलसकट ३८ हजारात करून देतोय तर हा सगळा उद्योग कशाला.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. छंद करा, पण हे कार्ट नको, ईएमआय नको आणि एफडीला तर हात पण लावू नका. जुनी हत्यारं चालतील, पण सगळी नाही, त्यावर खाली लिहितो.

पहिल्यांदा ते नो कॉस्टचं बघू, कारण त्यात भले भले फसतात. बँक कुणालाही फुकट पैसे देत नाही, रिझर्व्ह बँकेने तर सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, व्याज दुसऱ्या नावाखाली लपवू नका. तेव्हापासून गाडी अशी चालते की बँक व्याज लावते आणि विकणारा तेवढी रक्कम किमतीत सूट म्हणून आधीच कमी करतो. तुमच्या ८४ हजारात १५ टक्क्याने हिशोब केला तर मूळ कर्ज साधारण साडेसत्याहत्तर हजारांचं आणि व्याज ६,४४५ च्या आसपास बसतं. हे व्याज तुम्हाला सूट म्हणून परत मिळालं तरी त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून जातो, तो झाला ११६० रुपये, वर प्रोसेसिंग फी दोनशेच्या घरात आणि तिच्यावर पण जीएसटी. म्हणजे नो कॉस्ट म्हणता म्हणता चौदाशे रुपये गेले. चौदाशेने तुम्ही बुडणार नाही हे मान्य आहे. पण रोख देणाऱ्याला दुकानदार जी सूट देतो ती पण तुम्ही सोडताय, आणि एखादा महिना कार्डाचं पूर्ण बिल भरायचं राहिलं तर महिन्याला साडेतीन टक्क्याच्या आसपास व्याज सुरू होतं, वर्षाचे चाळीसच्या वर.

पण ईएमआयला माझा खरा विरोध वेगळ्याच कारणाने आहे. ९ हजार उरतात त्यातले ७ हजार वर्षभरासाठी बांधले गेले की हातात २ हजार राहतात आणि आता गंमत बघा, २ हजारात तुम्ही लाकूड कुठून आणणार? मशिन घेतली म्हणजे काम सुरू झालं असं नसतं. प्लायची १८ एमएमची एक बरी शीट घ्यायला गेलात तर तीनेक हजार मोडतात, सागाचं तर नावच काढू नका, फेविकॉल, पॉलिश पेपर, स्क्रू, पॉलिश, ब्लेड हे सगळं संपत राहतं. म्हणजे ८४ हजारांची हत्यारं बाल्कनीत ठेवून तुम्ही वर्षभर हप्ते फेडणार आणि कापायला फळी नसणार. छंदात पडलेले बरेच जण इथेच थांबतात आणि मग तो सॉ अर्ध्या किमतीत विकायला निघतो.

एफडीबद्दल दोनच वाक्यं. हप्ता, घरखर्च आणि शाळा मिळून तुमचा अटळ खर्च महिन्याला ५७ हजार आहे, म्हणजे दीड लाखात तुमचं घर पावणेतीन महिने पण चालत नाही, आणि घरात दुसरा पगार नाही. सहा महिन्यांचे ३ लाख ४२ हजार व्हायला हवेत, तिथे अजून पोचायचंय, असलेले कुठे मोडताय. (एफडीवर कर्ज काढा असं कुणीतरी सुचवेल, ते कार्डापेक्षा स्वस्त पडतं हे खरं, पण इथे त्याचीही गरज नाही.)

आता तुमचा जो लाडका मुद्दा आहे की मिस्त्री ३८ हजार घेतोय म्हणजे पहिल्याच दोन वस्तूंत निम्मी हत्यारं फुकट झाली. तसं होत नाही ओ. त्या ३८ मध्ये प्लाय, लॅमिनेट, बिजागऱ्या, चॅनेल, एज बँडिंग हे सगळं आलं, ते तुम्हालाही विकतच घ्यायचंय, आणि मिस्त्रीला दुकानात जो भाव मिळतो तो तुम्हाला मिळणार नाही. ढोबळ धरलं तर मटेरियलचे बावीस आणि मजुरीचे सोळा. म्हणजे तुम्ही एकही शीट वाया न घालवता पहिल्या झटक्यात जमवलंत तरी वाचणार ते सोळा हजार, आणि पहिल्या झटक्यात जमत नसतं. एक शीट चुकीची कापली की त्यातले तीन गेले. मिस्त्रीची मजुरी वाचवायची म्हणून हत्यारं घेणं हा हिशोब कधीच जमत नाही, आवड म्हणून घ्या आणि आवडीवर झालेला खर्च आहे असं स्वतःला स्पष्ट सांगा. मला त्यात काही गैर वाटत नाही. माझ्या धंद्यातले, म्हणजे पैशांचा सल्ला देणारे, काही लोक लगेच कॅल्क्युलेटर काढतात की हेच ८४ हजार १० टक्क्याने १५ वर्षं ठेवले तर साडेतीन लाख होतील, हो होतील, पण त्या न्यायाने माणसाने चहा पण पिऊ नये.

तसंच ते तुमचं 'नंतर वस्तू करून विकेन'. मनात राहू दे, पण आजच्या खरेदीचं कारण म्हणून नको. विकलंच काही तर ते धंद्याचं उत्पन्न धरलं जातं, मग पगारदारांचा सोपा आयटीआर-१ चालत नाही, दुसरा फॉर्म भरावा लागतो. आणि ऑर्डर घेतली की तारीख आली, तारीख आली की रविवार गेला. सध्या तुम्हाला रविवार हवाय म्हणून तर हे सगळं चाललंय ना.

एक गोष्ट मिसेसची बरोबर आहे. मुलीला टेबल आत्ता हवंय, तुम्हाला नीट टेबल करता यायला वर्ष जाईल. टेबल मिस्त्रीला द्या किंवा रेडिमेड आणा. पुस्तकांचं कपाट थांबू शकतं, ते तुमच्या हातचं होऊ दे. घरची गरज आणि तुमचा छंद एका बिलात घातले की दोघांचीही ओढाताण होते आणि घरात भांडण होतं ते वेगळंच.

आता कार्टमधलं एकेक बघू, कारण स्वस्तात हत्यारं कशी जमवायची हा तुमचा मूळ प्रश्न आहे आणि तो चांगला आहे.

टेबल सॉ. २७ हजार. सोसायटीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत हा चालणारच नाही. त्याचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो आणि आपल्याकडे रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ ची आहे, पहिल्याच रविवारी दुपारी खालचे काका वर येतील. भुसा उडतो तो वेगळा. शिवाय याची तुम्हाला गरज नाही, प्लायच्या दुकानात मापं लिहून दिली की पॅनेल सॉवर काटकोनात, कडा न फुटता तुकडे कापून मिळतात, कुठे कटाप्रमाणे पैसे घेतात तर कुठे शीट तिथूनच घेतली तर घेतही नाहीत. भवानी पेठेत टिंबर मार्केटला फळी घेतली तर तिथेच चिरून, मशिनवर रंधून मिळते. २७ हजारात तुम्ही किती वर्षं दुसऱ्याच्या मशिनवर कापून घ्याल याचा विचार करा, आणि ती मशिन तुमच्या टेबल सॉपेक्षा चांगली असते. फक्त कटलिस्ट, म्हणजे तुकड्यांच्या मापांची यादी, घरून नीट काढून न्या आणि ब्लेडची जाडी धरा, दर कटला तीनेक एमएम जातात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. टेबल सॉ महाग म्हणून बरेच जण चार इंची मार्बल कटर आणतात, त्याला लाकडाचं ब्लेड लावतात आणि प्लायच्या फळीखाली उलटा बसवून घरगुती टेबल सॉ करतात. अडीच-तीन हजारात होतो म्हणून मोह होतो, आणि साइटवरचे मिस्त्री हे रोज करतात हे पण खरं. पण त्याला ना गार्ड राहतो, ना लाकूड ब्लेडवर चिमटू नये म्हणून मागे असतं ते पातं, लाकूड अडकलं की उलटं अंगावर येतं. अँगल ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावणं तर त्याहून वाईट, मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे, आणि ते यंत्र त्या कामासाठी बनलेलंच नाही. ही काटकसर करू नका.

कॉर्डलेस सेट, ३१ हजार. हा कुणाला हवा? जो साइटवर शिडीवर चढून काम करतो त्याला. तुम्ही प्लगपासून सहा फुटांवर बसणार आहात. त्या किमतीतला मोठा हिस्सा बॅटऱ्या आणि चार्जरचा असतो आणि लिथियमची बॅटरी नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते, छंदवाल्याच्या घरी ती बहुतेक वेळ पडूनच असते. शिवाय एका कंपनीची बॅटरी दुसऱ्याला लागत नाही, म्हणजे पुढची सगळी खरेदी त्याच कंपनीकडे. आणि २० व्होल्ट लिहिलंय म्हणून १८ पेक्षा भारी समजू नका, आत पाच सेल तेच, पूर्ण चार्ज झाल्यावरचा आकडा मोठा दिसतो म्हणून तो छापतात. तुमच्याकडे पडदे लावायला घेतलेलं वायरचं ड्रिल आहे असं तुम्हीच लिहिलंय, मग झालं, दोन वर्षं तेच पुरेल. लाकडाचे बिट तेवढे वेगळे घ्या, भिंतीचे बिट लाकडात चालवू नका.

इलेक्ट्रिक प्लेनर दरवाजे घासणाऱ्यांचं हत्यार आहे, काढून टाका. ट्रिमर चांगली वस्तू आहे, पण दुसऱ्या वर्षी. सँडर मात्र मी ठेवेन, कारण हाताने पॉलिश पेपर मारायचा कंटाळा येऊन अर्धवट टाकलेल्या वस्तू जितक्या घरांत असतील तितक्या दुसऱ्या कशाने नसतील. गोल फिरत थरथरणारा, म्हणजे रँडम ऑर्बिटल घ्या, नुसता थरथरणारा नको. पण तोही पहिल्या दिवशी नाही.

मग पहिल्या दिवशी काय? हाताची हत्यारं. आवाज नाही, धूळ कमी, जागा कमी, आणि चांगली घेतली तर मुलीला देता येतील. बारीक दात्यांची ओढून कापायची करवत सातशेच्या आसपास, काटकोन आखायचा गुण्या पाचशे, ६, १२ आणि २५ एमएमच्या तीन पटाश्या (लाकूड कोरायच्या छिन्न्या) मिळून हजार, दोन बाजूंचा धारेचा दगड सहाशे, चार नंबरचा लोखंडी रंधा अडीच हजार, लाकूड आवळून धरायचे चार एफ क्लॅम्प बाराशे. झाले साडेसहा हजार. गॉगल, कानाला मफ आणि एन९५ मास्कचे सहाशे, आणखी चारशेत फेविकॉल आणि पॉलिश पेपर. म्हणजे साडेसात हजार. भाव दुकानागणिक इकडे तिकडे होतील पण या घरात बसतं. मेजर टेप आणि हातोडी घरात असेलच, पटाशी ठोकायला लाकडी मोगरी लागते ती विकत घेऊ नका, ती तुमची पहिली वस्तू.

यात कुठे वाचवायचं आणि कुठे नाही हे कळलं पाहिजे. क्लॅम्प स्वस्तातले चालतात. पण गुण्या स्वस्तातला घेतलात आणि तो काटकोनात नसला की त्यावर आखलेलं सगळंच तिरकं येणार आणि दोष तुम्ही स्वतःच्या हाताला देणार. दुकानातच तपासा, सरळ कडेच्या फळीला गुण्या लावून पेन्सिलीने रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच जागेवरून दुसरी रेघ मारायची, दोन्ही एकावर एक बसल्या तर ठीक, फाकल्या तर ठेवून द्या. नामवंत कंपनीचा असला तरी हे करा. रंध्याचा तळ उजेडासमोर धरून त्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवा, मधून उजेड दिसला तर दुसरा दाखवा म्हणा. पटाशीत पोलाद चांगलं हवं, दहा नगांच्या स्वस्त संचापेक्षा तीनच पण धार टिकणाऱ्या. आणि दगड न घेता पटाशी घेणं म्हणजे पैसे फेकणं, नवी पटाशी डब्यातून निघते तेव्हा तिला कामाची धार नसतेच, आणि अपघात बोथट हत्याराने जास्त होतात, जोर लावावा लागतो आणि मग सटकते.

ते 'शंभर नगांचा सेट, फक्त ११,९९९' छापाचं जे येतं त्याच्या वाटेला जाऊ नका. ब्रँड कुठला माहीत नाही, पुण्यात सर्व्हिस सेंटर नाही, कार्बन ब्रश (मोटरमधला वीज पोचवणारा, झिजणारा तुकडा) गेला तर मिळत नाही. शंभरातले नव्वद बिट तुम्ही कधी उघडणार नाही. मशिन घेताना मी किमतीच्या आधी हे विचारतो की ब्रश, आर्मेचर, स्विच गावात मिळतो का आणि दुरुस्त कोण करतं.

आता जुनं. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे हाताची हत्यारं बघायला जरूर जा, जुना लोखंडी रंधा, वाइस, गिरमिट, कानस असलं काय काय निघतं. गंज बघून घाबरू नका, वरचा गंज घासून जातो. पण पात्याच्या धारेजवळ खड्डे पडले असतील किंवा रंध्याच्या ओतीव अंगाला तडा असेल तर फुकट दिला तरी नको, तो सांधत बसण्यात अर्थ नाही. जुनं हाताचं हत्यार घेतलं तर आणि नीट ठेवलं तर दोन वर्षांनी त्याच भावाला जातं, म्हणून पैशाच्या दृष्टीने ते सगळ्यात उत्तम. विजेची मशिन मात्र जुनी घेताना लावून, चालवून बघा, आत ब्रशपाशी ठिणग्यांचं वर्तुळ दिसलं, जळका वास आला किंवा बेअरिंगचा खरखराट असला की सोडून द्या. आणि भारी कंपनीचं नवंकोरं ड्रिल कुणी पाचशेला देतोय, बिल नाही, डबा नाही, तर ते एकतर डुप्लिकेट आहे नाहीतर कुणाचं तरी उचललेलं. चोरीचा माल माहीत असून किंवा तसा संशय यायला जागा असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ कलमात गुन्हा आहे, पाचशे रुपयांसाठी कुठे पोलिस चौकीची पायरी चढताय. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलेलं बरं, कुणाच्या तरी वडिलांची पेटी माळ्यावर पडलेली असतेच.

लाकडाचं पण तसंच. पहिले सहा महिने सागाला हात लावू नका. मशिनरीच्या खोक्यांचं, पॅलेटचं पाइन वखारीत आणि भंगारवाल्याकडे स्वस्त मिळतं, शिकायला ते झकास. त्यावर शिक्का बघा, एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते घ्या, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेलं, ते नको. खिळे आधी काढा नाहीतर रंध्याचं पातं गेलंच. हात बसल्यावर जुन्या वाड्यांच्या तुळया, चौकटी यांचा साग शोधा, वर्षानुवर्षं मुरलेला असतो, पुढे पिळत नाही. आणि प्लाय घेताना आयएस (भारतीय मानक) नंबर वाचा, ३०३ हा नेहमीचा आणि ७१० हा पाण्याला टिकणारा मरीन. पुस्तकांच्या कपाटाला ७१० घेऊन जास्तीचे पैसे घालायची गरज नाही, दुकानदार आग्रह करेल.

मास्कबद्दल जाता जाता. लाकडाची बारीक धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने पहिल्या गटात ठेवलीय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं झालेल्या यादीत. रोज आयुष्यभर फर्निचरच्या कारखान्यात राबणाऱ्याचा धोका आणि रविवारी दोन तास घासणाऱ्याचा धोका एक नाही, पण बंद बाल्कनीत सँडर चालवणार असाल तर रुमाल बांधून भागवू नका.

आणि विमा. हा मुद्दा तुमच्या प्रश्नात नव्हता पण मी घालणारच. तुमच्या घरात पगार एकच आणि हात दोनच. बँकेतली २० रुपये वर्षाची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असेल तर ठेवा, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख मिळतात, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख, पण त्यात अंशतः म्हणजे एक डोळा किंवा एक हात किंवा पाय, बोट गेलं तर त्यात काही नाही. आधी कंपनीची ग्रुप अपघात पॉलिसी आहे का ते एचआरला विचारा, नसेल तर वेगळी पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी घ्या, त्यात बोटांसाठी ठरावीक टक्के असतात आणि काम बंद पडलं तर दर आठवड्याला काही रक्कम देणारा भागही जोडता येतो. प्रीमियम मेडिक्लेमच्या मानाने अगदी कमी असतो. सँडर घ्यायच्या आधी हे.

शिकण्यावर पैसे ठेवलेत का तुम्ही? कार्टमध्ये दिसलं नाही. ओळखीच्या एखाद्या वयस्क मिस्त्रीला एका रविवारची पूर्ण दिवसाची मजुरी द्या, वर चहा-जेवण, आणि म्हणा मला फक्त धार लावायला आणि रंधा धरायला शिकवा. हजार-बाराशेत वर्षभराचे व्हिडिओ मागे पडतील. हल्लीचे तरुण मिस्त्री प्लाय आणि मशिनवालेच, रंधा हातात धरलेला माणूस शोधावा लागेल, पण टिंबर मार्केटमध्ये विचारलं तर कुणीतरी नाव सांगेल.

आता पैशांची मांडणी. उरणाऱ्या ९ हजारातले ४ हजार दर महिन्याला आवर्ती ठेवीत, ते अडीअडचणीच्या रकमेत जाणार. अडीच हजार तुमच्या छंदाला, वेगळ्या बचत खात्यात, पगार आला की आपोआप जातील असे लावून. आणि अडीच हजार मिसेसच्या खात्यात, त्यांचं त्या काय करतील ते करतील, विचारायचं नाही. हा शेवटचा भाग तुम्हाला अनपेक्षित असेल पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे, एका माणसाच्या छंदाला बजेट आणि दुसऱ्याला काटकसर असं ठेवलं की दर कुरिअरला घरात तोंडं वाकडी होतात. दिवाळीच्या तीसमधले २० आवर्ती ठेवीच्या बाजूला, १० तुम्हाला. असं केलंत तर पावणेतीन-तीन वर्षांत सहा महिन्यांची रक्कम उभी राहते आणि छंदाला वर्षाकाठी ४० हजार मिळतात, ते काही कमी नाहीत. घरखर्च वाढला किंवा गृहकर्जाचा हप्ता चढला तर आधी दोघांचे अडीच-अडीच कमी करायचे, ४ हजार नाही आणि एसआयपी तर नाहीच.

सुरुवातीला पहिल्या तीन महिन्यांचे साडेसात एकदम उचला, वरची यादी आणा आणि तीन महिने दुसरं काही घेऊ नका, भंगारच्या लाकडावर काम करा. त्यानंतर नियम एकच ठेवा, हत्यार वस्तूसाठी घ्यायचं. आधी कागदावर वस्तू ठरवा, मोगरी, मग एक साधा पाट, मग भिंतीवरची मांडणी, मग कपाट, आणि ती वस्तू करताना जिथे हातच्या हत्याराने खरोखर अडलं तिथेच पुढची खरेदी. पाटाला बहुतेक काहीच नवं लागणार नाही, फार तर दोन क्लॅम्प. मांडणीला कदाचित सँडर लागेल, तोपर्यंत दिवाळी आलेली असेल आणि तेव्हा रोख खरेदीवर सूट पण असते. कपाटाच्या कडा गोल करायच्या असतील तर ट्रिमर. टेबल सॉ त्या खात्यात पैसे साठले म्हणून घ्यायचा नाही, खाली गाळा किंवा गावाकडे शेड असेल तेव्हा बोलू.

आणि कार्ट 'नंतरसाठी ठेवा' मध्ये टाकू नका, डिलीट करा, नाहीतर रोज किंमत कमी झाल्याचा मेसेज येत राहील.